सिम्युलेशनमध्ये अचूक चालणारा आय ट्रॅकर खऱ्या डोळ्यांसमोर का चुकतो

अडचण अशी असते. आय ट्रॅकर, म्हणजे माणूस कुठे पाहतो आहे ते कॅमेऱ्याने मोजणारे यंत्र. त्याची गणिती प्रतिकृती संगणकावर उभी केली जाते, कृत्रिम डोळा पडद्यावरच्या नऊ बिंदूंकडे पाहतो आणि प्रोग्रामने काढलेला नजरेचा बिंदू खऱ्या बिंदूपासून पाव अंशाच्या आत पडतो. तोच प्रोग्राम खऱ्या कॅमेऱ्याला जोडून समोर माणूस बसवला, की चूक दीड-दोन अंशांवर जाते. कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेले बिंदू पाहायला लावून प्रोग्राम त्या माणसाशी जुळवणे, पुन्हा केले की थोडी सुधारणा होते, माणूस बदलला की पुन्हा बिघडते, आणि एकाला पडद्याच्या मधोमध बरोबर येणारे उत्तर दुसऱ्याला नेमके तिथेच चुकते. नागपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे जे विद्यार्थी हा विषय घेऊन माझ्याकडे येतात, त्यांची तक्रार जवळजवळ नेहमी अशीच असते, आणि त्यांनी केलेला उपायही बहुधा एकच असतो: सिम्युलेशनमधल्या प्रतिमेत गोंगाट, म्हणजे अनियमित चढउतार, वाढवत न्यायचा आणि तिथली चूक खऱ्या चुकीएवढी झाली की थांबायचे.

हा उपाय करू नये. गोंगाटामुळे येणारी चूक दर क्षणी दिशा बदलते आणि सरासरी घेतली की कमी होते. माणसागणिक येणारी ही चूक मात्र त्या माणसाच्या डोळ्यात ठाण मांडून असते आणि कितीही नोंदी घेतल्या तरी जात नाही. पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत एक अंश म्हणजे पडद्यावर साधारण एक सेंटिमीटर. हात हलवता न येणाऱ्या माणसासाठी नजरेने चालणारा देवनागरी कळफलक करायचा असेल आणि एक कळ दीड सेंटिमीटर रुंद असेल, तर दीड अंशाच्या चुकीने ‘क’कडे पाहणाऱ्याला दर वेळी ‘ख’ मिळतो. ते अक्षर त्याला खोडताही येत नाही, कारण खोडण्याची कळही तेवढीच चुकते.

दोन्ही बाजूंना एकच डोळा

सिम्युलेशनमध्ये डोळ्याचे वर्णन दोन ठिकाणी लागते. एक, कॅमेऱ्याला काय दिसेल ते ठरवताना. दुसरे, दिसलेल्या प्रतिमेवरून नजर कुठे आहे ते काढताना. बहुतेक प्रोग्राममध्ये हे दोन्ही भाग एकाच फाइलमधले आकडे वाचतात: कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता त्रिज्या ७.८ मिलिमीटर, कॉर्नियापासून बाहुलीपर्यंतचे अंतर ३.६ मिलिमीटर, आतल्या द्रवाचा अपवर्तनांक १.३३६, दृष्टिअक्षाचा, म्हणजे नजरेच्या खऱ्या रेषेचा, कल ५ अंश. हे आकडे चुकीचे नाहीत. स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रँड यांना डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरील कामासाठी १९११ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांनी मांडलेल्या आदर्श डोळ्याचे आकडे याच आसपासचे आहेत. अडचण आकड्यांची नसून त्यांच्या वापराची आहे. ज्या डोळ्याने प्रश्न तयार केला, तोच डोळा उत्तर काढायलाही वापरला, तर उत्तर बरोबर येणारच. त्यातून प्रोग्राममधले गणित जुळते एवढेच कळते. नवा माणूस समोर आल्यावर काय होईल, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती प्रोग्रामच्या मांडणीत करावी. प्रतिमा तयार करणारा डोळा आणि नजर काढणारा डोळा यांच्या फाइली वेगळ्या ठेवा. जर्मनीतील ल्युबेक विद्यापीठातील मार्टिन ब्योमे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आय ट्रॅकरच्या सिम्युलेशनसाठी मॅटलॅबमध्ये जी चौकट मांडली, तिच्यात डोळा, कॅमेरा, दिवे आणि नजर काढण्याची पद्धत हे घटक स्वतंत्र आहेत. तुमचा प्रोग्राम पायथनमध्ये असो वा आणखी कशात, हा वेगळेपणा राखला तरच पुढच्या सगळ्या तपासण्यांना अर्थ आहे.

फाइली वेगळ्या केल्यावर आधी दोन्हींत तेच आकडे ठेवा, गोंगाट शून्य करा आणि प्रोग्राम चालवा. चूक जवळजवळ शून्य यायला हवी. ती तशी आली नाही, तर दोष डोळ्यांच्या रचनेत शोधू नका. तो प्रोग्राममध्ये आहे आणि तो आधी काढावा लागेल. ही पायरी गाळून थेट माणसांच्या मोजमापांकडे वळणारे पुढे फार भरकटतात.

बाण कुठे वळतात ते पाहा

यानंतर प्रतिमा तयार करणाऱ्या डोळ्यातला एकच आकडा बदला, नजर काढणाऱ्या डोळ्याला हात लावू नका, आणि नऊ बिंदूंवरच्या चुका बाणांनी काढा: खऱ्या बिंदूपासून काढलेल्या बिंदूपर्यंत एक बाण. सरासरी चुकीचा एकच आकडा पाहून काही समजत नाही. बाणांचा नकाशा मात्र बरेच सांगतो, कारण डोळ्यातला प्रत्येक फरक आपापली खूण सोडतो. नंतर खऱ्या माणसाचा तसाच नकाशा काढून शेजारी ठेवला, की संशय कोणावर घ्यायचा ते दिसू लागते.

सगळे बाण एकाच दिशेला आणि सारख्या लांबीचे असतील, तर प्रश्न दृष्टिअक्षाचा आहे. डोळ्याचा प्रकाशीय अक्ष कॉर्नियाच्या मध्यातून आणि बाहुलीतून सरळ मागे जातो. पण आपण ज्या जागेने बारकाईने पाहतो, तो दृष्टिपटलावरचा खळगा त्या अक्षावर नसून कानाच्या बाजूला आणि थोडा खाली असतो. त्यामुळे माणूस एखाद्या बिंदूकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्याचा प्रकाशीय अक्ष त्या बिंदूच्या बाहेरच्या बाजूला साधारण ५ अंश आणि उभ्या दिशेत साधारण दीड अंश सरकलेला असतो. कॅमेऱ्याला प्रकाशीय अक्षच दिसतो. दृष्टिअक्ष अनुमानाने काढावा लागतो. हा ५ चा आकडा माणसागणिक दोन-दोन अंशांनीही इकडेतिकडे होतो. दूरदृष्टीच्या आखूड डोळ्यात तो मोठा, तर लघुदृष्टीच्या लांब डोळ्यात लहान असण्याकडे कल असतो, आणि त्याचे कारण साधे आहे: खळगा अक्षापासून दीड मिलिमीटर सरकलेला असेल आणि दृष्टिपटल १७ मिलिमीटर मागे असेल तर कोन ५ अंश होतो, तेच अंतर १९ मिलिमीटर झाले तर कोन साडेचार अंशांवर येतो.

इथे एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. उजव्या डोळ्यासाठी लिहिलेले चिन्ह डाव्या डोळ्यालाही तसेच दिले जाते. दोन्ही डोळे एकमेकांचे आरशातले रूप आहेत. उजव्याचा प्रकाशीय अक्ष माणसाच्या उजवीकडे झुकतो, तर डाव्याचा डावीकडे. चिन्ह उलटे करायचे राहिले तर एक डोळा बरोबर येतो, दुसरा दहा अंशांनी चुकतो आणि दोघांची सरासरी पाच अंशांनी. प्रतिमा तयार करणाऱ्या भागातही तीच चूक असेल, तर सिम्युलेशन ती कधीच दाखवणार नाही. एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून नोंद घेतली की ती लगेच उघडी पडते.

हा कल डोळ्याबरोबर फिरतो, हेही लक्षात ठेवावे लागते. माणसाने मान २० अंश कलती केली आणि प्रोग्रामने ५ अंशांची दुरुस्ती पडद्याच्या आडव्या रेषेतच लावली, तर सुमारे पावणेदोन अंशांची चूक येते. मान कलली की डोळा उलट दिशेने किंचित वळतो खरा, पण तेवढ्याने भरपाई होत नाही. व्हीलचेअरवर एका बाजूला कललेल्या माणसासाठी यंत्र करायचे असेल, तर ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही.

मधून बाहेर पसरणारे बाण

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. मधल्या बिंदूवर चूक नाही, पण कडेकडे जाताना बाण बाहेर किंवा आत वळत लांब होत जातात, असा नकाशा आला तर चूक प्रमाणाची आहे: डोळा वळला त्यापेक्षा प्रोग्राम जास्त किंवा कमी वळण मोजतो आहे.

आय ट्रॅकर मोजतो काय, ते पाहू. अवरक्त दिवा कॉर्नियावर एक चकाकता ठिपका पाडतो. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असेल तर तो ठिपका कॉर्नियाच्या वक्रताकेंद्राच्या रेषेत दिसतो. बाहुली त्या केंद्राच्या पुढे असते, त्यामुळे डोळा वळला की बाहुली ठिपक्यापासून बाजूला सरकते. किती सरकते, हे बाहुली आणि वक्रताकेंद्र यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. त्यातही कॅमेऱ्याला खरी बाहुली दिसत नाही. कॉर्नियाच्या अपवर्तनामुळे ती थोडी पुढे आणि थोडी मोठी दिसते. त्रिज्या ७.८ आणि बाहुली ३.६ मिलिमीटर मागे असेल, तर अक्षाजवळच्या किरणांच्या सूत्राने ती ३.०५ मिलिमीटरवर दिसते, म्हणजे केंद्रापासून ४.७५ मिलिमीटर. यावरून एक अंशाला बाहुली ठिपक्यापासून फक्त ०.०८ मिलिमीटर सरकते. कॅमेऱ्यात एका मिलिमीटरला दहा पिक्सेल मिळत असतील, तर एक अंश म्हणजे एक पिक्सेलही नाही. सगळा व्यवहार एवढ्याशा अंतरावर चालतो, म्हणूनच डोळ्यातले लहान फरक इतके महाग पडतात.

आता त्रिज्या ८.२ धरा. प्रौढ माणसांत ती साधारण ७ ते साडेआठ मिलिमीटरच्या दरम्यान सापडते, तेव्हा ८.२ काही जगावेगळी नाही. बाहुली आणि केंद्र यांतले अंतर ५.१७ होते, म्हणजे सुमारे नऊ टक्के जास्त. सरासरी डोळा धरून बसलेला प्रोग्राम १५ अंशांच्या वळणाला सव्वासोळा अंशांपेक्षा थोडे जास्तच वाचतो आणि ६० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर बिंदू दीड सेंटिमीटर बाहेर पडतो. मध्यापासून पाच अंशांवर मात्र हीच चूक अर्ध्या अंशाच्या आत राहते. लहान पडद्यावर चाचणी घेणाऱ्यांना ही अडचण दिसत नाही, ती यामुळेच.

पण बाहेर पसरणारे बाण दिसले म्हणून कॉर्निया सपाट आहे असे लगेच ठरवू नका. त्रिज्या ७.८ च ठेवून बाहुली ३.६ ऐवजी ३.१ मिलिमीटरवर आणली, तर अंतर ५.२२ होते, म्हणजे दहा टक्के जास्त. सपाट कॉर्निया आणि उथळ अग्रकक्ष (कॉर्निया आणि बाहुली यांमधली जागा) या दोन वेगळ्या गोष्टी नकाशावर एकसारख्याच उमटतात. उलट कॉर्निया ७.४ चा आणि बाहुली ३.१ वर असेल, तर अंतर ४.८१ येते, दोन्ही फरक एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि सरासरीपेक्षा बराच वेगळा असलेला डोळा सरासरी डोळ्यासारखा वागतो. म्हणून एका वेळी एकच आकडा बदलणारी तपासणी खुणा ओळखायला उपयोगी असली, तरी प्रत्यक्षात किती चूक येईल हे सांगायला ती पुरत नाही. त्यासाठी दोन-दोन आकडे एकत्र बदलून पाहावे लागतात.

त्रिज्या वेगळी काढायचा मार्ग दुसऱ्या दिव्यातून जातो. दोन दिवे एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर आणि डोळा ६० सेंटिमीटरवर असेल, तर ७.८ च्या कॉर्नियावर दोन ठिपक्यांतले अंतर १.९५ मिलिमीटर येते आणि ८.२ च्या कॉर्नियावर २.०५. फरक एका पिक्सेलचा आहे, पण मोजता येतो. मात्र डोळा दीड सेंटिमीटर जवळ आला, तरी कॅमेऱ्यात ठिपके एकमेकांपासून नेमके तेवढेच दूर जातात. त्यामुळे एकाच कॅमेऱ्यावर त्रिज्या चुकीची धरली की डोळ्याचे अंतरही चुकीचे निघते. टोरोंटोच्या गेस्ट्रिन आणि आयझेनमन यांनी २००६ मध्ये हा सगळा हिशेब नीट मांडला. एक कॅमेरा आणि दोन दिवे असतील तर डोके हलले तरी नजर काढता येते, पण त्या माणसाचे आकडे अनेक बिंदूंच्या कॅलिब्रेशनमधून मिळवावे लागतात. दोन कॅमेरे असतील तर एका बिंदूवर भागते. एका बिंदूचे कॅलिब्रेशन दृष्टिअक्षाचा कल काढते, पण एकाच कॅमेऱ्यावर प्रमाणाची चूक तशीच ठेवते. नऊ बिंदूंच्या नोंदींवर बहुपदी सूत्र बसवले तर सगळेच झाकले जाते, पण डोके होते तिथेच असेपर्यंत. म्हणून कॅलिब्रेशननंतर माणसाला दहा सेंटिमीटर मागे सरकवून पुन्हा नोंद घ्या. झाकलेले फरक तेव्हा वर येतात.

मोजमाप आणताना होणाऱ्या दोन चुका

माणसांची खरी मोजमापे मिळाली तर अर्थातच उत्तम. नागपुरात बर्डीवर किंवा धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत कॉर्नियाची वक्रता मोजणारा केराटोमीटरही असतो आणि चिठ्ठीवर के-१, के-२ असे दोन आकडे छापून येतात. ते बहुधा डायॉप्टरमध्ये, म्हणजे भिंगाच्या शक्तीच्या एककात, असतात. त्रिज्या काढायला ३३७.५ ला त्या आकड्याने भागावे: ४३.२७ डायॉप्टर म्हणजे ७.८ मिलिमीटर. कॉर्नियाचा अपवर्तनांक १.३७६ आहे हे माहीत असलेला विद्यार्थी मोठ्या विश्वासाने ३७६ ला भागतो आणि ८.६९ काढतो. तेवढ्याने प्रमाण जवळजवळ वीस टक्क्यांनी चुकते. केराटोमीटरमधला १.३३७५ हा संकेताने ठरलेला आकडा आहे. कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचा परिणाम त्यात धरलेला असतो, आणि तो फक्त डायॉप्टर व त्रिज्या यांच्या बदलासाठीच वापरायचा.

दुसरी चूक अग्रकक्षाच्या खोलीची. हे माप मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवताना बायोमेट्रीत, म्हणजे डोळ्याची मापे घेण्याच्या तपासणीत, मिळते. काही ठिकाणी ते कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागापासून दिलेले असते, काही ठिकाणी मागच्या पृष्ठभागापासून. कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि गुलस्ट्रँडच्या डोळ्यात ३.६ आणि ३.१ हे दोन्ही आकडे याच कारणाने आढळतात. एकाच्या जागी दुसरा घातला तर काय होते, ते वर आलेच आहे: दहा टक्के. आकडा कुठून कुठवर मोजला आहे हे विचारल्याशिवाय तो फाइलमध्ये घालू नका, आणि मोजमापे वापरण्याआधी त्या माणसाची लेखी संमती घ्या.

आडवे आणि उभे वेगळे वागत असेल तर

के-१ आणि के-२ यांत फरक असेल तर कॉर्निया गोलाचा तुकडा नसून एका दिशेने जास्त वाकलेला असतो. चष्म्याच्या चिठ्ठीत सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस लिहिलेले असते, त्यातला बराच भाग यातून येतो. आडवी दिशा ४३ आणि उभी ४५ डायॉप्टर असेल, तर त्रिज्या ७.८५ आणि ७.५ येतात आणि दोन दिशांच्या प्रमाणांत सुमारे आठ टक्क्यांचा फरक पडतो. नऊ बिंदूंचा चौरस आयताकृती होतो. अक्ष तिरका असेल तर तो एका बाजूला ढळतो. सिम्युलेशनमध्ये कॉर्निया गोल धरला असेल, तर हा नकाशा तिथे कधीच उमटणार नाही आणि खऱ्या माणसात दिसल्यावर कॅमेरा तिरका बसला आहे असे वाटेल. कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी दुसऱ्या माणसाला बसवून पाहा. कॅमेऱ्याचा दोष सगळ्यांना सारखाच दिसतो.

उन्हात आणि धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसांच्या डोळ्यात टेरिजियम, म्हणजे पांढऱ्या भागावरून नाकाच्या बाजूने कॉर्नियावर चढणारा मांसल पडदा, पुष्कळदा आढळतो. तो कॉर्नियाला आडव्या दिशेत सपाट करतो. विदर्भात शेतावर राबलेल्या माणसासाठी यंत्र करताना ही शक्यता गृहीतच धरावी. लेसरने लघुदृष्टीचा नंबर घालवलेल्यांच्या कॉर्नियाचा मध्य सपाट झालेला असतो, तर केराटोकोनस या आजारात तो शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यांसाठी सरासरी आकड्याभोवती फरक करत बसण्यापेक्षा वेगळी फाइल करावी.

फक्त कडेचे बिंदू बिघडत असतील, तर कॉर्नियाचा आकार पाहा. निरोगी कॉर्नियाही मध्यापासून दूर जाताना हळूहळू सपाट होत जातो. मध्यावर त्रिज्या ७.८ आणि आकाराचा गुणांक (कडेकडे कॉर्निया किती सपाट होतो ते सांगणारा आकडा) उणे ०.२६ असेल, तर मध्यापासून ३ मिलिमीटरवर त्या दिशेतली त्रिज्या ८.२५ होते आणि ४ मिलिमीटरवर ८.६. डोळा बराच वळला की ठिपका याच भागात जातो, आणि आणखी वळला की कॉर्निया सोडून पांढऱ्या भागावर उतरतो. शिवाय तिरक्या बाजूने पाहताना वरचे अक्षाजवळच्या किरणांचे सूत्र पुरत नाही. कडेच्या बिंदूंसाठी सिम्युलेशनमध्ये प्रत्येक किरणाचा मार्ग काढावाच लागतो.

उजेड बदलला की उत्तर बदलत असेल तर

बाहुली लहान-मोठी होताना तिचा मध्य एका जागी राहत नाही. तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा सरकला तरी नजरेत सव्वा अंशाची चूक येते, आणि काही डोळ्यांत तो याहून जास्त सरकतो. बहुतेक सिम्युलेशनमध्ये बाहुली अक्षावर पक्की बसवलेली असते आणि फक्त तिचा व्यास बदलतो, त्यामुळे हा परिणाम तिथे दिसतच नाही. तपासायचे असेल तर पडदा एकदा पांढरा आणि एकदा काळा ठेवून तेच नऊ बिंदू पाहायला सांगा. खोलीच्या खिडक्या बंद करा, नाहीतर नागपूरच्या उन्हात बाहुली आधीच इतकी आकसलेली असते की पडद्याच्या रंगाने तिला फरक पडत नाही. नकाशा सरकला तर कॅलिब्रेशन दोन उजेडांत घ्यावे आणि बाहुलीच्या व्यासानुसार दुरुस्ती लावावी.

कृत्रिम डोळे निवडताना

हजार डोळे तयार करायचे म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या मर्यादेत हवा तसा उचलणे बरोबर नाही. असे उचललेले पुष्कळ डोळे प्रत्यक्षात असू शकत नाहीत. वाढत्या वयात डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता एकमेकांशी जुळवून घेत वाढतात. चष्मा न लागणाऱ्या प्रौढ डोळ्यात लांबी त्रिज्येच्या साधारण तिप्पट असते, म्हणजे ७.८ ला सुमारे २३.४ मिलिमीटर, आणि लघुदृष्टीत हे गुणोत्तर तीनच्या वर जाते. लांब डोळ्यात अग्रकक्ष बहुधा खोल असतो. वय वाढते तसे आतले भिंग जाड होऊन तो उथळ होतो आणि बाहुलीही लहान होत जाते. म्हणून आधी वय आणि चष्म्याचा नंबर निवडा, त्यावरून लांबी, त्रिज्या आणि खोली ठरवा, आणि फरकांचा विस्तार त्याभोवती ठेवा. सगळेच आकडे एकाच पटीने वाढवून ‘मोठा डोळा’ आणि ‘लहान डोळा’ करणेही टाळा. तसे केल्याने प्रमाणाची एकच चूक पुन्हा पुन्हा मोजली जाते आणि आकड्यांच्या परस्पर काटाकाटीचा प्रश्न कधी समोरच येत नाही.

लांबीबरोबर डोळ्याचे फिरण्याचे केंद्रही मागे जाते. सरासरी डोळ्यात ते कॉर्नियाच्या मागे साधारण साडेतेरा मिलिमीटरवर असते. काही प्रोग्राम डोळा कॉर्नियाच्या वक्रताकेंद्राभोवती फिरवतात, कारण गणित सोपे होते; पण खरा डोळा १५ अंश वळला की ते केंद्रच सुमारे दीड मिलिमीटर बाजूला जाते, आणि डोके हलले का डोळा वळला हे ओळखण्यात प्रोग्राम चुकतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले डोळे या हजारांत घालायला विसरू नका. नजरेच्या कळफलकाची गरज असणाऱ्यांत वयस्क माणसे पुष्कळ असतात. अशा डोळ्यात जाड झालेले मूळ भिंग गेल्यामुळे बुबुळ मागे सरकते आणि अग्रकक्ष खोल होतो, म्हणजे प्रमाण सरासरीच्या खाली जाते. शिवाय बसवलेल्या भिंगाचा पृष्ठभाग मूळ भिंगापेक्षा जास्त चकाकतो. कॅमेऱ्यात बाहुलीच्या आत दुसरा ठळक ठिपका दिसतो आणि प्रोग्राम कधी कॉर्नियावरचा ठिपका पकडतो, कधी हा. बाण मध्येच एकदम मोठी उडी घेत असतील आणि माणूस साठीच्या पुढचा असेल, तर नोंदवलेली प्रतिमा मोठी करून बाहुलीच्या आत पाहा. मूळ भिंगाचाही असा ठिपका असतो, पण तो इतका फिका असतो की प्रोग्राम त्याला सहसा पकडत नाही.

बाण एकाच जागी थरथरत असतील, तर कारण अश्रूंच्या थरात असू शकते. ठिपका खरे तर कॉर्नियावर नव्हे, तर त्यावरच्या अश्रूंच्या पातळ थरावर पडतो. मे महिन्यात प्रयोगशाळेत कूलर चालू असतो आणि बसण्याची जागा बहुधा त्याच्या झोतासमोरच असते. पापणी लवली की ठिपका गोल आणि स्वच्छ दिसतो. काही सेकंदांत थर फाटतो, ठिपक्याची कड दातेरी होते, तो पसरतो आणि कधी दोन तुकड्यांत दिसतो. माणूस बिंदूकडे टक लावून पाहत असतो, पापणी मिटत नाही, आणि आपण नोंद नेमकी तेव्हाच घेतो. कूलरची दिशा बदला, प्रत्येक बिंदूआधी पापणी लवायला सांगा आणि लवल्यानंतरची पहिली एक-दोन सेकंदेच धरा. इथे गोंगाट सिम्युलेशनमध्ये घालणे रास्त आहे, पण तो वेळेनुसार वाढणारा आणि ठिपक्यापुरताच असावा.

निकाल लिहिताना हजार डोळ्यांची एकच सरासरी चूक देऊ नका. सर्वांत वाईट दहा टक्के डोळ्यांची चूक वेगळी लिहा आणि ते डोळे कोणत्या रचनेचे होते तेही लिहा, कारण यंत्र ज्याला चालत नाही तो माणूस त्या सरासरीत दिसत नाही. त्याच्या डोळ्याची चूक कॅलिब्रेशननंतरही दीड अंश राहत असेल, तर ६० सेंटिमीटरवर त्याची कळ तीन सेंटिमीटरहून रुंद हवी, आणि पडद्यावर एका वेळी थोडीच अक्षरे मावत असतील तर कळफलकाची मांडणी त्या हिशेबानेच करायला हवी.